नाव नसलेला ३१ नंबर : कॉलेज बास्केटबॉल गेमचं प्रकरण

आधीच सांगून टाकतो, मी वकील नाही आणि गेम बनवणाऱ्यातलाही नाही, मी नुसता खेळलोय, तोही घरच्यांना सांगायची लाज वाटावी इतका. पण अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेमचं जे झालं ते प्रकरण माझ्या डोक्यातून कित्येक वर्षं जात नाहीये, कारण लोकांना तो गेम ज्या गोष्टीसाठी आवडायचा नेमकं त्याच गोष्टीवर कोर्टात बोट ठेवलं गेलं. "अरे काय खऱ्यासारखा केलाय रे" असं आम्ही सोफ्यावर लोळत कौतुकानं म्हणायचो आणि तिकडे फिर्यादीचे वकीलही तेच म्हणत होते, फक्त कौतुकानं नाही.

तर प्रकरण असं. एड ओबॅनन नावाचा माणूस. १९९५ साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए कॉलेजनं कॉलेज बास्केटबॉलचं विजेतेपद मारलं, सिएटलला अर्कान्सासला ८९-७८ हरवून, आणि त्या फायनलमधे या गड्यानं ३० पॉइंट आणि १७ रिबाउंड काढले. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. पुढे एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमधे, नवव्या नंबरवर निवड झाली पण तिथं दोन सीझनमधेच गाशा गुंडाळला, मग परदेशात इकडंतिकडं खेळला आणि शेवटी लास वेगासजवळ गाड्यांच्या शोरूममधे नोकरीला लागला. एक दिवस मित्राच्या घरी गेला तर मित्राच्या पोरानं टीव्हीवर ईए कंपनीचा कॉलेज बास्केटबॉल गेम लावलेला. त्यात जुन्या गाजलेल्या टीमही होत्या आणि त्यातली एक १९९५ची यूसीएलए. स्क्रीनवर डावखुरा, टकलू, ३१ नंबरची जर्सी घातलेला माणूस. नाव कुठंच नाही. पण नाव लागतंय कशाला? त्यानं स्वतःच नंतर सांगितलंय की आधी त्याला भारी वाटलं होतं, मग मित्र बोलता बोलता म्हणाला की तुला याचा एक पैसा मिळालेला नाही, आणि तिथून डोक्यात किडा वळवळायला लागला. जुलै २००९मधे त्यानं दावा ठोकला, एनसीएएवर म्हणजे कॉलेजांचे सगळे खेळ चालवणाऱ्या संस्थेवर, आणि सोबत कॉलेजांची लायसन्स विकणारी कंपनी; ईएला पुढे त्यात ओढलं.

ज्यांना तिथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : तिथं कॉलेजचे खेळाडू हौशी समजले जायचे. फी, राहणं, खाणं, पुस्तकं एवढी स्कॉलरशिप, बास. स्टेडियम भरणार, टीव्हीवाले अब्जावधी डॉलर देणार, कोचला कोटींत पगार, आणि ज्याच्यासाठी लोक येतात त्यानं स्वतःच्या सहीचे पैसे घेतले तरी तो अपात्र. हे तेव्हा सगळ्यांना नॉर्मल वाटायचं, मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता मी यात कुठं आलो. २००८ला एमएस करायला अमेरिकेत गेलो, चार देशी पोरं एका अपार्टमेंटमधे, आणि वर्गणी काढून घेतलेला एक सेकंडहँड एक्सबॉक्स. त्यासोबत दुकानदारानं दोन-चार जुन्या सीडी दिल्या त्यात टूके कंपनीचा कॉलेज हूप्स टूके८ होता. क्रिकेटचा गेम नव्हता म्हणून हा लावला, इतकं साधं कारण. आमच्यातल्या फक्त नागपूरकराला बास्केटबॉल कळायचं, तो शाळेपासून खेळलेला, बाकी आम्हाला बॉल बास्केटमधे टाकायचा इतकीच अक्कल. पहिल्या आठवड्यात कंटाळलो. महिन्याभरात अशी अवस्था की असाइनमेंटची डेडलाइन रात्री बाराची आणि आम्ही साडेअकराला ओव्हरटाइम खेळतोय.

का, तर ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की एनबीएचा गेम असताना कॉलेजचा कोण खेळेल, एनबीएतले खेळाडू तर जगात भारी. तोच तर मुद्दा आहे ना! एनबीएत सगळेच भारी असतात त्यामुळे सगळ्या टीम थोड्याफार एकसारख्या खेळतात. कॉलेजमधे तीन-चार पोरं बरी असतात, एखादा खरा हिरो, आणि बाकीचे बारा महिने घाम गाळून जेमतेम उभे राहिलेले. म्हणून कोचला डोकं लावावं लागतं. सिरॅक्यूजचे कोच जिम बोहाइम वर्षानुवर्षं तोच एक दोन-तीनचा झोन (बचावात दोघं पुढे, तिघं मागे, ज्यानं त्यानं आपापली जागा राखायची) लावून बसायचे, प्रिन्स्टनचे पीट कॅरिल पोरांना पंधरा-वीस पास करायला लावायचे आणि समोरचा डुलकी घेतोय असं दिसलं की पाठीमागून कट मारून सोपी बास्केट. याच प्रिन्स्टननं मार्च १९९६मधे यूसीएलएला ४३-४१ असं घरी पाठवलं, म्हणजे ओबॅननच्या कॉलेजनं आदल्या वर्षी जिंकलेला मुकुट एका वर्षात एका अभ्यासू पोरांच्या टीमनं उतरवला. असा स्कोअर एनबीएत हाफ टाइमला असतो!

आणि नियम. कॉलेजमधे वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, तेव्हा ३५ सेकंदांचा शॉट क्लॉक होता, म्हणजे तेवढ्या वेळात बॉल बास्केटकडे मारायलाच हवा (एनबीएत २४), पाच फाउल झाले की बाहेर. ३५ सेकंद म्हणजे काय हे गेम हातात घेतल्याशिवाय कळत नाही, दुबळी टीम बॉल नुसता फिरवत फिरवत मॅचची हवाच काढून घेऊ शकते. माझा सगळ्यात लाडका नियम मात्र वन-अँड-वन. समोरच्या टीमचे एका हाफमधे सात फाउल झाले की तुम्हाला फ्री थ्रो, पण पहिला घातला तरच दुसरा मिळणार, चुकला तर बॉल कुणाचाही. आता विचार करा, शेवटची वीस सेकंदं, तुम्ही एका पॉइंटनं पुढे, दुसऱ्याच्या मैदानावर, लाइनवर उभा पहिल्या वर्षाचा पोरगा, आणि बास्केटच्या मागे हजारभर पोरं हात हलवतायत, बोंबलतायत. टूकेच्या गेममधे यजमान प्रेक्षकांचा जोर दाखवणारं एक मीटरच होतं, ते भरलं की पाहुण्यांची वाट. माझ्या हाताला खरंच घाम यायचा, त्यावरून मी अजूनही चिडवला जातो.

प्रेक्षक हा तर वेगळाच विषय. ज्यानं पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात "अरे आव्वाज कुणाचा" ऐकलंय त्याला हे दोन सेकंदांत कळेल, इतरांना समजवावं लागतं. एकांकिका बघायला आलेली पोरं जशी एकांकिकेपेक्षा आपल्या कॉलेजसाठी आलेली असतात ना, तसं. ड्यूक कॉलेजचं कॅमेरन इनडोअर स्टेडियम साडेनऊ हजारांचंही नाही, पण विद्यार्थी कोर्टाला अगदी चिकटून उभे, हात लांब केला तर खेळाडूला लागेल, आणि मोठ्या मॅचच्या तिकिटासाठी पोरं थंडीत कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात, त्या तंबूंच्या वस्तीला तेव्हाच्या कोचच्या आडनावावरून नावसुद्धा आहे. कॅन्ससला प्रेक्षक मॅच जिंकत आली की एक संथ आरोळी देतात, रॉक चॉक जेहॉक, पहिल्यांदा ऐकली तर मठात आल्यासारखं वाटतं. याच कॅन्ससचा पहिला कोच जेम्स नेस्मिथ, ज्यानं १८९१ला हा खेळच शोधून काढला, आणि गंमत म्हणजे तिथल्या सगळ्या कोचमधे जिंकण्यापेक्षा हरणं जास्त असलेला तोच एकटा. खेळ त्याचा, पण त्यालाच जमेना. एनबीएच्या गेममधे स्टेडियम कुठलंही घ्या, गर्दी ती गर्दीच. कॉलेजच्या गेममधे तुम्ही कुठं खेळताय त्यानं तुमचा घसा कोरडा पडायचा.

त्यात परत पोरं चार वर्षांत निघून जातात. लेगसी नावाचा मोड होता, तुम्ही कोच, एखादं कॉलेज घ्यायचं, शाळकरी पोरांच्या मागे लागायचं, फोन करायचे, भेटीला बोलवायचं, मोठी कॉलेजं आधीच टपलेली असतात, त्यातून कसाबसा एक पोरगा मिळवायचा, पहिलं वर्ष बेंचवर बसवायचा, दुसऱ्या वर्षी जरा खेळवायचा, तिसऱ्या वर्षी तो जमायला लागतो आणि चौथ्या वर्षी सीनियर म्हणून शेवटची मॅच खेळून कायमचा जातो. मग परत पहिल्यापासून. मी बटलर घेतलं होतं, इंडियानापोलिसचं चारेक हजार विद्यार्थ्यांचं छोटं कॉलेज, घेण्याचं कारण खाली राहणारा इंडियानाचा एक पोरगा सारखं हिंकल फील्डहाउसबद्दल बोलायचा, १९२८चं जुनं स्टेडियम, मोठ्ठ्या खिडक्यांतून कोर्टवर ऊन येतं वगैरे. गेममधे मी बटलरला फायनलला नेलं तेव्हा रूममेट म्हणाले की गेमची लेव्हल सोपी ठेवलीय, असं खऱ्यात होत नसतं. आणि एप्रिल २०१०ला बटलर खरोखर फायनलला! तेही त्यांच्याच गावात, ड्यूकविरुद्ध. ५९-६१, शेवटच्या सेकंदाला गॉर्डन हेवर्डनं अर्ध्या कोर्टवरून बॉल भिरकावला, बोर्डला लागला, रिंगला लागला, आणि बाहेर. आम्ही चौघं उभे होतो टीव्हीसमोर. त्या रात्री माझ्या बाबतीत गेम आणि खेळ यातली रेघ पुसली गेली असं म्हणायला हरकत नाही.

असो, मूळ प्रकरणाकडे. खऱ्याचं हे वेड दोन्ही कंपन्यांना होतं. नोव्हेंबर २००९ला ईएचा एनसीएए बास्केटबॉल १० आला, म्हणजे दावा दाखल होऊन चार महिने झाले होते, आणि माझ्या मते सादरीकरणात याला तोड नव्हती. एकाच गेममधे दोन चॅनेलचं प्रक्षेपण : एखादी मॅच ईएसपीएनची, डिक व्हायटेलच्या आरडाओरड्यासकट, एखादी सीबीएसची, कॉमेंट्रीला गस जॉन्सन आणि बिल राफ्टरी. ज्या कॉलेजची जी खरी खेळायची पद्धत तीच गेममधल्या टीमची, न सांगता पोरं आपापल्या जागी धावायची. इतकं सगळं खरं आणि खेळाडूंच्या नावाच्या जागी मात्र जागा आणि नंबर. कॉमेंट्रीत सगळे खरे किस्से, खरे कोच, आणि खेळाडू कोण, तर 'नंबर तेवीस'.

पण उंची बरोबर. वजन बरोबर. रंग, केस, कुठल्या राज्यातून आला, कितवं वर्ष, थ्री पॉइंटर घालतो का नुसता आत घुसतो, सगळं बरोब्बर. ज्याला नाव हवं त्यानं स्वतः टाकायचं. आणि टाकायचेही लोक! डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाच्या, सव्वातीनशेच्या वर टीम, एकेका टीमला १३ स्कॉलरशिपवाले, म्हणजे चार हजारांच्या वर नावं, ती कंट्रोलरनं एकेक अक्षर निवडून टाईप करून फुकटात इतरांना वाटणारे महाभाग दर वर्षी असायचे. कंपनीला आयतंच. नावं आम्ही टाकली नाहीत, लोकांनी टाकली. हात वर.

कव्हरवर बघा अजून एक मजा. कव्हरवर कॉलेजचा चालू खेळाडू कधीच नाही, कारण त्यानं पैसे घेतले तर तो अपात्र. म्हणून कालपरवाच कॉलेज सोडून एनबीएत गेलेला पोरगा शोधायचा. केव्हिन ड्युरँट, केव्हिन लव्ह, टूके८ला ग्रेग ओडन, आणि १०च्या कव्हरवर ब्लेक ग्रिफिन. कॉलेजच्या गेमचा चेहरा म्हणजे कॉलेज सोडलेला माणूस. (ओडन आणि ग्रिफिन दोघंही एनबीएत पहिल्या नंबरवर निवडले गेले आणि दोघांचाही पहिला अख्खा सीझन गुडघ्यानं खाल्ला. कव्हरची पनवती मानणारे मित्र आहेत माझे, मी मानत नाही, पण नोंद ठेवलीय.)

आता बरेच जण सांगतात की ओबॅननच्या केसनं गेम मारला. बास्केटबॉलच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे आणि इथं मी थोडा वाद घालणार. टूकेनं जानेवारी २००८लाच लायसन्स सोडलं होतं, तेव्हा ओबॅननचा दावा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. ईएनं फेब्रुवारी २०१०ला पुढच्या वर्षीचा बास्केटबॉल गेम थांबवला तेव्हाही कोर्टात काहीच ठरलं नव्हतं, केस नुकती रांगत होती. साधं गणित आहे, कॉलेज बास्केटबॉलकडे अख्ख्या देशाचं लक्ष जातं मार्चमधे, स्पर्धा सुरू झाली की, आणि गेम विकायला काढायचा नोव्हेंबरात, एनबीएच्या गेमच्या सावलीत. वेडे लोक आमच्यासारखे, पण संख्येनं कमी. ईएच्या कॉलेज फुटबॉलचं (अमेरिकन, हेल्मेटवाल्या फुटबॉलचं) तसं नव्हतं, तो गेम तुफान खपायचा आणि तो खरोखर केसनं मारला. म्हणजे बास्केटबॉल धंद्यानं गेला, कोर्टानं त्याचा परतीचा रस्ता बंद केला. लोक हे दोन्ही एकत्र करून सांगतात, मीही आधी तसंच सांगायचो.

आणि कोर्टातला सगळ्यात भारी भाग फुटबॉलच्याच केसमधला आहे. सॅम केलर म्हणून ॲरिझोना स्टेट कॉलेजचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, होता, त्यानं मे २००९ला म्हणजे ओबॅननच्या आधी दावा लावलेला, पुढे दोन्ही केस एकत्र आल्या. ईएचं म्हणणं, गेम ही कलाकृती आहे, कादंबरीसारखी, त्याला अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे. चूक नाही म्हणणं, कुणी राजकारण्यावर नाटक लिहिलं तर तो रॉयल्टी मागतो का? पण तिथं कसोटी अशी की तुम्ही त्या खऱ्या माणसाचं काही वेगळं केलंत का, का जसाच्या तसा उचलून ठेवलात. आणि ३१ जुलै २०१३च्या निकालात अपील कोर्टानं जी यादी दिलीय ती वाचताना मला गेमची जाहिरात वाचतोय असं वाटलं : जर्सी ९ नंबरची, उंची तीच, वजन तेच, कातडीचा रंग, केसांचा रंग, केसांची ठेवण, कुठला हात, मूळ राज्य, खेळायची शैली, इतकंच काय हेल्मेटला काच लावायची आवड आहे का नाही तेसुद्धा! ईए कॉलेजांच्या साहित्य सांभाळणाऱ्या लोकांना सविस्तर प्रश्नावल्या पाठवायची हेही त्यात आलं. दोन विरुद्ध एक असा निकाल केलरच्या बाजूनं. कारण काय, तर तो खऱ्यात जे करत होता तेच, त्याच ठिकाणी, गेममधे करतोय. ज्यानं कुणी ती काच बरोबर लावली असेल ना, त्याचं त्या वर्षी ऑफिसात कौतुक झालं असणार, आणि तीच काच निकालपत्रात.

बाकीचं पटकन सांगतो. त्या सप्टेंबरात ईएनं फुटबॉल गेम बंद केला. २०१४ला ईए आणि लायसन्सवाल्यांनी ४ कोटी डॉलर, एनसीएएनं २ कोटी देऊन गेममधल्या पोरांशी तडजोड केली. ओबॅननची मूळ केस एनसीएएविरुद्ध चालत राहिली, ऑगस्ट २०१४ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएचे नियम स्पर्धा कायद्याच्या विरुद्ध आहेत असं ठरवलं, अपिलात त्यातलं थोडं टिकलं थोडं गळलं. मग २०२१च्या जूनमधे दुसऱ्याच एका केसमधे सुप्रीम कोर्टानं ९-० असा एनसीएएला दणका दिला, आणि १ जुलै २०२१पासून खेळाडू स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेऊ लागले. तीन वर्षांनी, १९ जुलै २०२४ला, कॉलेज फुटबॉल २५ आला, ११ हजारांच्या वर पोरांनी होकार दिला, प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक कॉपी. नावासकट.

६०० डॉलर कमी का जास्त यावर आमच्या ग्रुपवर रात्रभर भांडण झालं. माझं मत, बेंचवर बसणाऱ्याला बरे, हिरोला चिल्लर. पण १९९५च्या ३१ नंबरला शून्य मिळालं होतं हे धरलं तर बोलायची सोय राहत नाही.

३० जून २०२५ला ईएनं कॉलेज बास्केटबॉल परत आणतोय अशी झलक टाकली आणि आम्ही चौघं, आता तिघांना पोरं झालेली, एकमेकांना फोन करत सुटलो. उत्साह ओसरल्यावर मला मात्र वेगळीच काळजी लागली. खऱ्यासारखा करणार म्हणजे आताच्या खऱ्यासारखा करणार ना? आता पोरगा चार वर्षं थांबत नाही, दर वर्षी दुसरं कॉलेज बघू शकतो, आणि जून २०२५च्या तडजोडीनंतर प्रत्येक कॉलेज स्वतःच खेळाडूंना पैसे वाटू शकतं, पहिल्या वर्षाला एकूण सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. म्हणजे माझ्या बटलरनं कष्टानं घडवलेला पोरगा दुसऱ्या वर्षी चमकला की तिसऱ्या वर्षी मोठ्या कॉलेजात. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलोच असतो, त्यामुळे त्याला नावं ठेवत नाही. पण बेंचपासून सीनियरच्या शेवटच्या मॅचपर्यंतची ती जी चार वर्षांची गोडी होती, ती खरेपणा राखून गेममधे कशी आणणार हे मला कळत नाही. गेम आला की पहिल्या दिवशी घेणार ते घेणारच.

तो जुना एक्सबॉक्स मधे घर बदलताना सापडला, चालूही झाला. बटलरचा सेव्ह तसाच होता. आम्ही तेव्हा रूममेटांची नावं बेंचवरच्या पोरांना दिली होती, एकेक अक्षर निवडून, स्पेलिंगवरून भांडत. काही आडनावं रेकॉर्ड केलेली असायची ती कॉमेंटेटर बोलायचा, स्मिथ, जॉन्सन वगैरे. आमची मराठी आडनावं कुठून असणार त्या यादीत. मी एक मॅच लावली आणि आमच्या नागपूरकराला शेवटच्या मिनिटाला उतरवलं, त्यानं वन-अँड-वनमधला पहिला घातला, दुसरा घातला, आणि कॉमेंटेटर ओरडला, नंबर चव्वेचाळीस!